मूग आधी, तूर मागाहून



या आठवड्यात वाळवणावर लिहायचे असे ठरवून बसले होते. गव्हाचा चीक, कुरडया, ज्वारीचे पापड, सगळे टिपण तयार होते. तेवढ्यात टपालात फर्दापूरहून एका भगिनीचे पत्र आले. ते वाचले, पुन्हा वाचले आणि वाळवणाचे टिपण बाजूला ठेवले. कुरडया पुढच्या आठवड्यात घालू. आज या बाईंच्या पत्राला उत्तर द्यायचे आहे, कारण हे पत्र एकट्या त्यांचे नाही. आपल्यातल्या पुष्कळ घरांतून हेच पत्र आले असते. ते लिहायचा धीर या बाईंनी केला, एवढेच.

फर्दापूर म्हणजे सोयगाव तालुक्यातले, अजिंठ्याच्या घाटाखालचे गाव. लेणी पाहायला जाणारा माणूस याच गावावरून जातो. गावाचे नाव छापायला हरकत नाही असे बाईंनी लिहिले आहे. त्यांचे आणि मुलाचे नाव मी देत नाही.

बाईंना दोन मुले. मोठी मुलगी चौथीत, अभ्यासात पुढे. धाकट्या मुलाला येत्या दिवाळीला सहा पुरी होतील. हा मुलगा चालायला उशिरा लागला, बोलायला त्याहून उशिरा. अजूनही त्याचे बोलणे घरच्यांनाच समजते. अंगणवाडीत पाठवला तर बाकीची पोरे वेडा म्हणून हसू लागली, तेव्हा सासूबाईंनी त्याला नेणे बंद केले. जावेचा मुलगा याच्याहून सहा महिन्यांनी लहान. तो गाडीत बसून एका ‘मॉन्टेसरी’त जातो आणि पाहुण्यांपुढे ए बी सी डी घडाघडा म्हणून दाखवतो. बाईंनीही हिय्या करून आपल्या मुलाला त्याच ठिकाणी नेले. तिथे त्यांना सांगण्यात आले, “याला इथे जमायचे नाही, याच्यामुळे बाकीची मुले मागे पडतील.”

आता जून जवळ आला. बाई लिहितात, “ताई, याला शाळेत घालू की घरीच राहू देऊ? घरचे म्हणतात, गुरांमागे जाईल, शेतात बसेल, त्याच्या वाचून काही अडत नाही. मलाही कधी वाटते, चारचौघांत हसे कशाला करून घ्यायचे. पण रात्री डोळा लागत नाही.”

पत्राच्या अगदी शेवटी, जागा उरली म्हणून लिहावे तशी एक गोष्ट त्यांनी लिहिली आहे. मुलाचे वडील शेती सांभाळून लेण्यांच्या फाट्यावर रंगीत दगड आणि स्फटिक विकतात. घरात दगडांच्या टोपल्या असतात. हा मुलगा तासन्‌तास त्या टोपल्यांपाशी बसतो. जांभळे एकीकडे, पांढरे एकीकडे, हिरवट एकीकडे. मग एकेका रंगाची रांग लावतो, लहानापासून मोठ्यापर्यंत. त्यात चूक होत नाही. झाली तर आपली आपण दुरुस्त करतो. “याला खुळे खेळ म्हणून आम्ही उठवतो,” असे बाई लिहितात.

बाई, मी सबंध पत्रातली हीच ओळ खूण करून ठेवली आहे. तिच्याकडे शेवटी येते. आधी एक शेतातली गोष्ट.

मुगात तुरीचे आंतरपीक आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. एकच शेत, एकच पाऊस, पेरणीचा दिवस एकच. मूग साठ-सत्तर दिवसांत तयार होतो. पोळ्याच्या मागेपुढे शेंगा घरात येतात. तूर तेव्हा कुठे गुडघ्या-मांडीएवढी असते, तिच्यावर फूलही नसते. ती घरात यायची संक्रांतीच्या सुमारास. पोळ्याला शेतात उभे राहून कोणी शेतकरी तुरीला म्हणतो का, की बघ तो मूग, तुला लाज वाटत नाही? तिला उपटून बांधावर फेकतो का? नाही. कारण तुरीची चाल त्याला ठाऊक आहे. तुरीला उशीर झालेला नाही, तिची वेळच ती आहे, हे तो जाणतो. एवढे शहाणपण आपल्याला पिकाच्या बाबतीत आहे. पोटच्या पोराच्या बाबतीत मात्र आपण पोळ्यालाच तुरीच्या शेंगा मागतो.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही लगेच सांगते, नाहीतर कोणी अर्धेच ऐकेल. तूर उशिरा येते म्हणून कोणी तिची खुरपणी सोडून देत नाही. तिच्याकडे सहा महिने लक्ष ठेवावे लागते, फुलोऱ्यात आल्यावर तर अळीवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवावी लागते. तेव्हा मुलाच्या कलाने घेणे वेगळे आणि मुलाला वाऱ्यावर सोडणे वेगळे. “होईल आपोआप” म्हणून स्वस्थ बसणे म्हणजे कलाने घेणे नव्हे.

आता ‘मॉन्टेसरी’ या शब्दाविषयी. बाईंना जिथे नकार मिळाला तिथे हाच शब्द पाटीवर आहे. हा शब्द पाटीवर लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून तो गावोगावच्या पाट्यांवर दिसतो. पण ज्या बाईंचे हे नाव आहे, त्यांनी आपले काम कोणत्या मुलांपासून सुरू केले हे ऐकाल तर नवल वाटेल.

मारिया मॉन्टेसरी या इटली देशातल्या. जन्म १८७० सालचा. मुली डॉक्टर होत नसत अशा काळात त्या १८९६ साली रोम शहरात डॉक्टर झाल्या. त्या वेळी तिथे ज्या मुलांना मतिमंद म्हणत, त्यांना वेड्यांच्या इस्पितळातच कोंडून ठेवत. डॉक्टरीणबाई तिथे जात. अशी एक हकिकत सांगतात की, जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर पडलेले पावाचे कण वेचत बसत. राखणदारीण म्हणाली, खादाड आहेत मेली. मॉन्टेसरीबाईंनी नीट पाहिले. खोली रिकामी, हातात धरायला एक वस्तू नाही. ही मुले पोटाने भुकेली नव्हती, हाताने भुकेली होती.

१९०० साली अशा मुलांसाठी काढलेल्या एका संस्थेचे काम त्यांच्याकडे आले. त्यांनी मुलांच्या हातात वस्तू दिल्या. लाकडी ठोकळे, मणी, बटणे, हात फिरवून कळतील अशी अक्षरे. पाठांतर नाही, मार नाही. यांतली काही मुले पुढे साध्या शाळेच्या लिहिण्या-वाचण्याच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. लोकांनी वाहवा केली. बाई मात्र विचारात पडल्या. ही मुले जर इथवर आली, तर आपल्या शाळांतली धडधाकट मुले एवढीच का येतात? त्यांना आपण कुठे अडवून धरले आहे?

हा प्रश्न मनात घेऊन ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोममधल्या सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तीत ‘बालगृह’ उघडले. आईबाप कामावर जात आणि पोरे चाळीच्या भिंती खराब करत, म्हणून चाळीच्या मालकांनाही ते हवेच होते. तीन ते सहा-सात वर्षांची पन्नासएक मुले एकत्र. तिथल्या एका साधनाचे वर्णन करते. एका लांब लाकडी ठोकळ्यात दहा भोके, लहानमोठी. त्यांत बसणारी दहा लाकडी दट्टे. मूल ते काढते आणि पुन्हा बसवते. एक जरी चुकीच्या भोकात गेला तरी शेवटी एक दट्ट्या बाहेर राहतो. मग मूल स्वतःच शोधते, कुठे चुकले. शिक्षिकेने “चूक!” म्हणून ओरडावे लागत नाही. चूक साधनच दाखवते, आणि दुरुस्त मूल करते. ज्याला एकदा करून पुरते तो एकदा करतो, ज्याला चाळीस वेळा करावेसे वाटते तो चाळीस वेळा करतो. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही.

म्हणजे पाहा, ही सारी रीत सुरू झाली ती समाजाने टाकून दिलेल्या मुलांपासून. त्याच बाईंच्या नावाच्या पाटीखालून अशा मुलाला परत पाठवले जावे, याला काय म्हणावे?

तुम्ही म्हणाल, ते रोम शहर, ते लाकडी सामान. आपल्याकडे काय त्याचे? हाच प्रश्न आपल्या मराठी मुलखातल्या दोन बायांनी सोडवला. त्यांची नावे प्रत्येक घराला ठाऊक असली पाहिजेत.

पहिल्या ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२ सालचा. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली बालमंदिर उघडले होते. मॉन्टेसरीबाईंची रीत आपल्या भाषेत, आपल्या गाण्या-गोष्टींत कशी आणायची हे गिजुभाई तिथे करून पाहत होते. ताराबाई १९२३ साली त्यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे १९३६ साली ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. काम नावाजले गेले. पण त्यांच्या मनाला टोचणी होती, की हे सगळे पैसेवाल्यांच्या मुलांचे झाले; खेड्यातल्या मुलाचे काय? तेव्हा वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, त्या डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी जाऊन राहिल्या. पुढे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

दुसऱ्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातला. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य तिथेच संपले असे समजत. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या. आपल्या आजच्या विषयाला शोभेल अशी त्यांची एक गोष्ट सांगते. अनुताई पदवीधर झाल्या त्या पन्नाशी ओलांडल्यावर. तुरीची चाल म्हणतात ती ही.

या दोघींनी बोर्डीत बालवाडी उघडली आणि वाट पाहू लागल्या. गावातली चांगल्या घरची मुले आली. वाडी-वस्तीवरची, दलित आणि आदिवासी घरांतली मुले येईनात. कोणी भीतीने, कोणी लाजेने, कोणी अंगावर कपडा नाही म्हणून. आपण काय म्हटले असते? “शाळा उघडी आहे, यायचे तर या.” या दोघी असे म्हणाल्या नाहीत. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल, असे म्हणून त्या वस्तीत गेल्या. झाडून घेतलेल्या अंगणात, झाडाखाली मुलांना जमवले. आधी नखे काढली, आंघोळी घातल्या, केस विंचरले, खरजेवर औषध लावले, मग गाणी आणि खेळ. अंगणात भरते ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना जे नाव आहे ते याच अंगणातले. आपल्या गावातल्या अंगणवाडीच्या पाटीकडे आता पुन्हा एकदा पाहा.

कोसबाडला आणखी एक अडचण दिसली. थोडी मोठी मुले गुरांमागे रानात जात. ती शाळेत यायची कशी? तर शिक्षक साहित्याची पेटी घेऊन कुरणात जाऊ लागले. गुरे चरताहेत आणि मुले शिकताहेत. तिला नाव पडले कुरणशाळा. मुली शाळेला येत नसत कारण कडेवर भावंड असे. तेव्हा एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी ‘विकासवाडी’ केली. भावंड पाळण्यात, बहीण वर्गात. आणि त्या महागड्या लाकडी सामानाचे काय केले? समुद्रकाठचे शंख-शिंपले, रानातल्या बिया, पाने, खडे, बांबूचे तुकडे, मातीची मडकी. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सगळे त्यातून शिकता आले. भाषाही मुलांची, वारल्यांची. त्यांच्या बोलीला कोणी हसले नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ साली गेल्या, अनुताई १९९२ साली. पण मान-सन्मानापेक्षा मला त्यांची एक गोष्ट मोठी वाटते. मूल शाळेत बसत नाही तेव्हा त्यांनी मुलात खोट काढली नाही. शाळाच हलवली.

आता बाई, तुमच्या मुलाकडे येऊ. तुम्ही विचारले आहे, शाळेत घालू की नको. माझे उत्तर एका शब्दात: घाला. आणि जूनची वाट न पाहता आजपासून काय करायचे तेही सांगते.

पहिली गोष्ट, कान. जे मूल उशिरा बोलते, त्याला नीट ऐकू येते का हे आधी तपासले पाहिजे. ताट वाजवल्यावर मान वळते एवढ्यावर समाधान मानू नका. काही मुलांना मोठा आवाज ऐकू येतो आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत. ज्याला शब्द अर्धाच ऐकू येतो तो अर्धाच बोलणार. तीच गोष्ट डोळ्यांची. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुले तपासते, आणि पुढचे उपचारही मोफत होतात. मुलगा अंगणवाडीतून काढला म्हणजे ही तपासणीही हुकली, हे सासूबाईंना समजावून सांगा. आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या सेविकाताईंना भेटा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि पुढे पाठवले तर छत्रपती संभाजीनगरला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नाक-कान-घसा विभागात नेऊन आणा. एक दिवसाची मजुरी बुडेल. पण जे आज कळले तर उपाय होतो, ते तीन वर्षांनी कळले तर त्या तीन वर्षांचे बोलणे परत मिळत नाही. नवस बोलायचा असेल तर बोला, पण दवाखाना आधी.

दुसरी गोष्ट, घरचे काम हीच त्याची शाळा करा. त्यासाठी एक पैसा लागत नाही. परातीत तूर, हरभरा, मका मिसळून द्या आणि तीन वाट्या ठेवा. तो वेगळे करील. तांब्यातून पेल्यात पाणी ओतू द्या. सांडले तर फडके हातात द्या, धपाटा नको. सदऱ्याची बटणे त्याची त्याला लावू द्या, दहा मिनिटे लागली तरी. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या, भाकरीसाठी पिठाचा लहान गोळा, कोंबड्यांना दाणे. अक्षर शिकवायचे तर पाटी-पेन्सिलीची घाई नको. परातीत बारीक रेती पसरा, त्यावर बोटाने अक्षर काढा, आणि त्याचे बोट धरून त्यावरून फिरवा. सुताराकडचा खरखरीत पॉलिश कागद मिळाला तर त्याची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवा. अक्षर आधी बोटाला कळते, मग डोळ्याला, मग हाताला.

हे करताना तीन पथ्ये पाळा. करून दाखवताना सावकाश दाखवा आणि तोंडाने कमी बोला. तो रमला असेल तर मध्ये हाक मारू नका. आणि जावेच्या मुलाचे नाव त्याच्यापुढे काढू नका, चांगल्या अर्थानेसुद्धा. एक सावधगिरीही सांगते: दाणे, मणी घरातल्या तान्ह्या पोराच्या हाती लागू देऊ नका. हरभरा नाकात किंवा कानात घालण्याचे प्रकार दर गावात होतात.

तिसरी गोष्ट, अंगणवाडी. मुलाला उद्यापासून पुन्हा नेऊन बसवा. पहिले आठ दिवस तुम्ही स्वतः तासभर बसा. सेविकाताईंवर रागावू नका. मुलांची वजने, पोषण आहार, नोंदी, गरोदर बायांच्या भेटी हे सारे सांभाळून त्या शिकवतात. त्यांना मदत करा. तुमच्या घरातली खड्यांची एक टोपली अंगणवाडीला द्या. आणि तो जिथे पटाईत आहे तेच काम त्याला सर्वांसमोर करू द्या. रांग कशी लावायची हे तो दुसऱ्या पोरांना दाखवील. आज वेडा म्हणून हसणारे पोर उद्या त्याच्या शेजारी बसून “हा कुठे ठेवू?” विचारील. मुले वाईट नसतात. मोठ्यांच्या तोंडून ऐकलेला शब्द ती बोलतात.

चौथी गोष्ट, जून महिना. गावातल्या शाळेत त्याचे नाव घाला. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा मुलाखत घेता येत नाही, आणि मुलाला मारणे, मनाला लागेल असे छळणे यालाही त्याच कायद्याने बंदी आहे. तपासणीत काही अपंगत्व निघाले तरी दार बंद होत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारचे अपंगत्व मानले आहे, आणि त्याचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असल्याचा दाखला मिळालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. अशा मुलांसाठी नेमलेल्या विशेष शिक्षकांची चौकशी तालुक्याच्या गट साधन केंद्रात करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हे वय खेळातून, हाताने शिकण्याचे मानले आहे. म्हणजे मॉन्टेसरीबाई आणि ताराबाई जे सांगत होत्या, तेच आता सरकारी कागदावर आले. कागदावरचे वर्गात यायला मात्र आईबापांनी दारात उभे राहावे लागते.

आपल्या लहान गावांतल्या शाळेला आपण नावे ठेवतो. दोन शिक्षक, चार इयत्ता, सगळी मुले एका खोलीत. पण मॉन्टेसरीबाईंनी वेगवेगळ्या वयांची मुले मुद्दाम एकत्र बसवली होती, कारण लहान मूल मोठ्याकडे पाहून शिकते आणि मोठे मूल लहानाला दाखवताना पक्के होते. जाणत्या गुरुजींच्या हाती तीच खोली सोन्याची होते. तुमची मुलगी त्याच शाळेत असेल तर भावाचा हात धरून नेईल. तिला मात्र एवढे सांगा, की भावाच्या वतीने बोलू नकोस, त्याचे त्याला बोलू दे.

आता घरातल्या कर्त्या माणसांशी दोन शब्द. दादा, हा मुलगा शेतात बसेल, गुरे राखील असे तुम्ही म्हणता. शेतीला कमी लेखू नका. खताच्या पोत्यावरचे वाचायला लागते, औषधाची मात्रा मोजायला लागते, बाजारात वजनकाट्यावर लक्ष ठेवायला लागते. न शिकलेल्याला शेतीत जागा उरली होती ती आपल्या आजोबांच्या काळी. आणि धाकट्याचे पोट आईबाप असेतोवर अडणार नाही हे खरे. त्यानंतर काय, हा प्रश्न रात्री त्याच्या आईला झोपू देत नाही. तो तुम्हीही तिच्याबरोबर थोडा वाटून घ्या.

जावेचा मुलगा ए बी सी डी म्हणतो त्याचे कौतुकच आहे. पण चार वर्षांची मुले रांगेत बसवून अक्षरे गिरवून घेणे म्हणजे मॉन्टेसरी नव्हे. कुठल्याही बालवाडीत मूल घालण्याआधी पाच मिनिटे दारात उभे राहा. साहित्य मुलांच्या हाताला पोचेल अशा जागी आहे की कपाटात कुलपात? मुलांचे हात कामात आहेत की घडी घालून मांडीवर? आणि जे मूल सर्वांत मागे आहे, त्याच्याशी बाई कशा बोलतात? एवढे पाहिले की पाटी वाचायची गरज उरत नाही.

शेवटी ती ओळ, जिच्याकडे येते म्हटले होते. बाई, दगडांच्या रांगा लावणारा तुमचा मुलगा खुळे खेळ खेळत नाही. रंग ओळखणे, आकार तोलणे, लहान-मोठ्याचा क्रम लावणे, चुकले तर स्वतः दुरुस्त करणे, हेच काम मुलांना मिळावे म्हणून मॉन्टेसरीबाईंनी लाकडी सामान घडवले आणि अनुताईंनी शिंपले गोळा केले. तुमच्या मुलाने ते बापाच्या टोपलीतून आपले आपण शोधून काढले आहे. त्याच्या कानात, जिभेत काही अडचण असेलही. ती डॉक्टर सांगतील. पण तो शिकत नाही असे कोणी म्हणाले, तर त्यांना त्या टोपलीपाशी नेऊन बसवा.

आज संध्याकाळी तो टोपलीपाशी बसला की त्याला उठवू नका. शेजारी बसा. काही बोलू नका. रांग पुरी झाली की एकेका दगडावर बोट ठेवून हळू म्हणा: लहान, मोठा, त्याहून मोठा. उद्या पुन्हा म्हणा. परवा पुन्हा. कधीतरी तो तुमच्या आधी म्हणेल. कधी, ते मी सांगू शकत नाही, ती त्याची वेळ आहे. तो शब्द त्याच्या तोंडून आला की मला एक ओळ लिहा. मी वाट पाहते आहे.

आणि ज्या इतर भगिनींच्या घरी अशी तूर उभी आहे, त्यांनीही लिहावे. पुढच्या आठवड्यात कुरडया नक्की.

तुमची,
ताई